इंद्रधनुष्य-वीराचा भारतीय गुरु



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, जन्मभर शाळेंत इतिहास-भूगोल शिकविलेल्या मनुष्यास हा पोरखेळ कोठून सुचला? विषय आहे जपानी दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका जुन्या वीरकथेचा. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' ही जपानी मालिका लागत असे. ती त्या वेळच्या मुलांना, म्हणजे आजच्या आईबापांना, आठवत असेल. एक मुलगा मनगटावरील घड्याळांतून हुकूम सोडतो आणि भला थोरला यंत्रपुरुष उडत येऊन राक्षसांचा समाचार घेतो, अशी ती गोष्ट. मी सांगणार आहें ती कथा साधारण त्याच पिढीची. पण तिच्यांतील वीराजवळ यंत्र नाहीं, मंत्र आहे. त्याचा गुरु भारतीय आहे, मंत्र मूळचा संस्कृत आहे, आणि त्या गुरूची वंशावळ शोधीत मागें गेलें असतां एक जुनी पाऊलवाट आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानांत येऊन पोंचते. म्हणून तर मीं हा विषय घेतला.

ता. ६ ऑक्टोबर १९७२, शुक्रवार. या दिवशीं जपानांत 'प्रेमाचा योद्धा रेनबोमान', म्हणजे इंद्रधनुष्य-वीर, या मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला. 'गॉडझिला' हा प्रसिद्ध राक्षसपट काढणाऱ्या तोहो कंपनीनेंच ती तयार केली होती. दर आठवड्यास एक, याप्रमाणें २८ सप्टेंबर १९७३ पर्यंत तिचे ५२ भाग झाले. नायकाचें नांव यामातो ताकेशि. हा शाळकरी वयाचा तरणाबांड कुस्तीगीर. त्याची धाकटी बहीण अपघातानें पायानें अधू झालेली आहे. आपण बलाढ्य मल्ल व्हावें, पैसा मिळवावा आणि तिच्या पायाची शस्त्रक्रिया करावी, एवढाच त्याचा मनोरथ. त्यासाठीं तो भारताची वाट धरतो, कारण तेथें डोंगरांत देवदत्त नांवाचा एक शतायुषी योगी राहतो असें त्यानें ऐकलेलें असतें. तो येतो तो नेमका भारत-पाकिस्तान युद्धाच्या धुमाळींत. योगी त्याला मृत्यूच्या दाढेंतून सोडवितो, शिष्य करून घेतो, कठोर साधना करवितो आणि अखेर स्वतःचा देह ठेवून आपली शक्ति शिष्याच्या ठायीं उतरवितो. बहिणीच्या औषधपाण्यापुरतें बळ मागावयास गेलेला मुलगा सगळ्या देशाच्या रक्षणाचें ओझें घेऊन परत येतो. मला या कथेंत प्रथम आवडलें तें हें. बळ मागतांना त्याबरोबर काय पत्करावें लागेल, हें मागणाराला कोठें ठाऊक असतें?

या वीराला सात रूपें धारण करतां येतात. पहिलें चंद्राचें, दुसरें अग्नीचें, तिसरें जलाचें, चौथें वनस्पतीचें, पांचवें सुवर्णाचें, सहावें मृत्तिकेचें आणि सातवें सूर्याचें. हा क्रम लेखकानें मनानें रचलेला नाहीं. जपानी भाषेंत वारांचीं नांवेंच अशीं आहेत! सोमवार चंद्राचा, मंगळवार अग्नीचा, बुधवार जलाचा, गुरुवार काष्ठाचा, शुक्रवार धातूचा, शनिवार मातीचा आणि रविवार सूर्याचा. चिनी ज्योतिषी मंगळास अग्नितारा, बुधास जलतारा, गुरूस काष्ठतारा म्हणत. तेव्हां मंगळवार हा अग्निवार झाला, इतकेंच. वारांचा क्रम आपला आणि त्यांचा एकच. हा क्रम तेथें गेला कसा? आठव्या शतकांत अमोघवज्र नांवाच्या बौद्ध आचार्यानें ग्रहनक्षत्रांविषयीं एक ग्रंथ चिनी भाषेंत सिद्ध केला, आणि तो कूकाइ या जपानी भिक्षूनें ८०६ सालीं चीनमधून जपानांत नेला. पुढें हजार वर्षें हे वार पंचांगांतच पडून होते. १८७६ सालीं जपानी सरकारनें रविवारची सुटी सुरू केली, तेव्हां ते कचेऱ्यांत आणि शाळांत आले; आणि १९७२ सालीं मुलांच्या खेळांत! पाठ्यपुस्तकांत आपण 'भारतीय संस्कृतीचा आशियांतील प्रसार' असा मथळा देऊन मंदिरांचीं चित्रें छापतों. वारांचीं नांवें कोणी छापीत नाहीं.

मंत्राची गोष्ट याहून मौजेची आहे. रूप पालटावयाचें असलें म्हणजे ताकेशि हात जोडून एक मंत्र तीनदां म्हणतो. जपानी मुलांच्या तोंडीं त्याचा उच्चार 'आनोकुतारा सान्म्याकु सान्बोदाइ' असा होतो. जपानी मुलांना त्याचा अर्थ कळत नसे. आपल्या मुलांना शुभंकरोतींतल्या सगळ्या शब्दांचा तरी कोठें कळतो! परंतु आपल्यापैकीं ज्यांनीं शाळेंत थोडें संस्कृत केलें असेल, त्यांनीं तो सावकाश पुन्हां म्हणून पाहावा: 'अनुत्तरा सम्यक् संबोधि'. ज्याच्यापलीकडे दुसरें कांहीं नाहीं असें परिपूर्ण ज्ञान, बुद्धत्व. प्रज्ञापारमितेच्या सूत्रांत आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रांत हा शब्द वारंवार येतो. चिनी भाषांतरकारांनीं तो इतका पवित्र मानला कीं, त्याचें भाषांतर न करतां केवळ ध्वनि उतरवून घेतला. त्या चिनी अक्षरांचा जपानी उच्चार होऊन तो दूरचित्रवाणीपर्यंत टिकला. शत्रूवर चाल करण्यापूर्वीं वीरानें बुद्धत्वाचा उच्चार करावा हें विपरीत वाटेल खरें. पण या वीराची एक अडचणहि लेखकानें ठेवली आहे. शक्ति वापरून झाली कीं त्याला 'योगनिद्रा' येते. तो जेथें असेल तेथें पद्मासन घालून बसतो आणि कांहीं तास त्याचा देह दगडासारखा निश्चल होतो. त्या वेळीं कोणीहि येऊन त्याचा घात करावा, अशी त्याची असहाय स्थिति असते. बळाची किंमत अशी रोकडी मोजावयास लावणारे कथालेखक थोडे.

या लेखकाचें नांव कावाउचि कोहान. १९२० सालीं जपानच्या उत्तरेकडील हाकोदाते या बंदरांत, निचिरेन पंथाच्या एका मंदिरांत नांदणाऱ्या घरांत त्याचा जन्म झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, पुढें तिचा उपयोग आहे. १९५८ च्या फेब्रुवारींत त्याची 'गेक्को कामेन' म्हणजे 'चंद्रप्रकाशाचा मुखवटा' ही मालिका सुरू झाली. जपानी दूरचित्रवाणीवरील मुखवटाधारी वीरांचा मूळ पुरुष तो हाच. डोक्याला पांढरा फेटा, अंगावर पांढरा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि बसावयास फटफटी! आपल्या डोळ्यांना हा पोषाख जरा हास्यास्पद वाटेल. मात्र त्याचें नांव ज्याच्यावरून घेतलें तो चंद्रप्रभ बोधिसत्त्व आहे. भैषज्यगुरु बुद्धाच्या एका बाजूस सूर्यप्रभ आणि दुसऱ्या बाजूस चंद्रप्रभ असे दोन सेवक उभे असतात. नारा येथील याकुशिजी मंदिरांत त्यांच्या सुंदर धातुमूर्ति आहेत. वैद्याचा सेवक म्हणजे स्वतः वैद्य नव्हे. म्हणून कावाउचीनें आपल्या वीरास 'न्याय' म्हटलें नाहीं, 'न्यायाचा सोबती' म्हटलें. हा वीर कोणाचा द्वेष करीत नाहीं, जीव घेत नाहीं, क्षमा करतो. अणुबाँबनंतर अवघ्या तेरा वर्षांनीं ही शिकवण मुलांपुढें मांडली गेली, हें विसरून चालणार नाहीं.

आतां गुरूकडे वळूं. देवदत्त हें नांव ऐकून आपण दचकलां असाल. बुद्धचरित्रांतला देवदत्त म्हणजे बुद्धाचा चुलतभाऊ आणि वैरी. त्यानें संघांत फूट पाडली, बुद्धावर शिळा लोटली, मत्त हत्ती सोडला. असल्या मनुष्याचें नांव परमगुरूस द्यावें, हें अज्ञान म्हणावें काय? मुळींच नाहीं. निचिरेन पंथाचा सारा भर सद्धर्मपुंडरीक सूत्रावर आहे, आणि त्या सूत्रांत देवदत्ताचें एक वेगळेंच प्रकरण आहे. बुद्ध तेथें सांगतात कीं, मागें एका जन्मीं आपण राजा होतों. धर्म जाणण्यासाठीं राज्य सोडून एका ऋषीचे दास झालों. त्याच्यासाठीं फळें तोडलीं, पाणी भरलें, लांकडें फोडलीं, प्रसंगीं त्याला बसावयास आपली पाठ दिली. अशीं हजार वर्षें गेलीं. तो राजा म्हणजे मी, आणि तो ऋषि म्हणजे हा देवदत्त. त्याच्यामुळेंच मला ज्ञान झालें, आणि तोहि पुढें देवराज नांवाचा बुद्ध होईल. वैऱ्याच्या ठिकाणीं गुरु पाहण्याची ही दृष्टि मंदिरांत वाढलेल्या कावाउचीला बाळपणापासून परिचित असणार. लांकडें फोडणारा राजा आणि साधना करणारा कुस्तीगीर हीं एकाच घरचीं माणसें आहेत, असें माझें मत आहे.

पण 'भारताच्या डोंगरांत शेंकडों वर्षें जगणारा आणि सृष्टीवर सत्ता चालविणारा सिद्ध' ही कल्पना जपानांत इतकी सहज कशी रुजली? तेथें आपल्याला कोसल देशाकडे यावें लागतें. अयोध्येचा उत्तर कोसल नव्हे, दक्षिण कोसल. सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत चिनी यात्रेकरू शुआन झांग, म्हणजे आपल्या क्रमिक पुस्तकांतला ह्युएनत्संग, कलिंगाहून वायव्येस डोंगर आणि घोर अरण्यें ओलांडून या देशांत आला. तेथें त्याला सुमारें शंभर विहार आणि दहा हजारांच्या आंतबाहेर भिक्षू आढळले. राजा क्षत्रिय, पण बुद्धाचा भक्त. या देशांत पूर्वीं नागार्जुन बोधिसत्त्व राहत असे, अशी कथा त्याला तेथें ऐकावयास मिळाली. सातवाहन राजानें त्याच्यासाठीं डोंगर पोखरून विहार बांधावयास घेतला. द्रव्य संपलें, तेव्हां नागार्जुनानें औषधी शिंपडून खडकांचें सोनें केलें. सिंहलाचा देव नांवाचा पंडित वाद करावयास आला, तेव्हां नागार्जुनानें त्याच्यापुढें पाण्यानें भरलेलें पात्र पाठविलें. देवानें न बोलतां त्यांत एक सुई टाकली. पात्र म्हणजे गुरूचें ज्ञान, सुई म्हणजे तळ गांठण्याची शिष्याची ईर्षा. नागार्जुनानें ओळखलें आणि त्याला जवळ केलें.

याच कथेचा शेवट मोठा चटका लावणारा आहे. नागार्जुनाच्या रसायनामुळें तो स्वतः आणि राजा दोघेहि कित्येक शतकें जगले. राजपुत्र वाट पाहून थकले. अखेर धाकटा राजपुत्र आईच्या सांगण्यावरून नागार्जुनाकडे गेला आणि म्हणाला, बोधिसत्त्व कांहीं मागितलें असतां नाहीं म्हणत नाहींत. मला आपलें मस्तक हवें आहे. नागार्जुनानें त्याला समजाविलें कीं, मी गेलों तर तुझा बापहि जाईल. पण मागणारा हटला नाहीं. तेव्हां त्यानें गवताचें एक वाळलें पातें घेऊन आपला कंठ छेदिला. दाता गेला, राजाहि गेला. देह ठेवून आपलें सर्वस्व दुसऱ्याच्या हातीं देणारा देवदत्त योगी ज्यांनीं पडद्यावर पाहिला, त्यांना ही कथा ऐकून ओळख पटावी.

हें कोसल नक्की कोठें, यावर विद्वानांचे वाद झाले. एकोणिसाव्या शतकांत कनिंगहॅमनें त्याची राजधानी चांद्याच्या बाजूस शोधली. फर्ग्युसननें वैरागडाकडे बोट दाखविलें. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी तालुक्यांत आहे. चांदा जिल्ह्याचे जुने अभ्यासक भांदक, म्हणजे आजची भद्रावती, हीच ती राजधानी असें मानीत. कारण तेथें विजासन टेकडींत कोरलेलीं बौद्ध लेणीं आहेत. टेकडीच्या पोटांत एक लांब भुयार सरळ गेलें आहे, दोन बाजूंस फुटलीं आहेत, आणि भुयाराच्या टोंकाशीं अंधारांत बुद्धाची बैठी मूर्ति आहे. दिवा घेऊन गेल्यावांचून दर्शन नाहीं. अलीकडे मात्र बहुतेक संशोधक छत्तीसगडांतील सिरपूरचा पक्ष घेतात. तेथील उत्खननांत विहारांचे मोठे अवशेष निघाले आहेत. मलाहि सिरपूरचीच बाजू बळकट वाटते. परंतु दक्षिण कोसलाची राजधानी सिरपुरास असली, तरी त्या अरण्यप्रदेशाची दक्षिण-पश्चिम शीव आपल्या वैनगंगेच्या बाजूस भिडत होती. यात्रेकरूनें जीं घोर अरण्यें वर्णिलीं, तीं याच पट्ट्यांतलीं. कावाउचीनें भांदकचें नांव ऐकलें असेल असें मी मुळींच म्हणत नाहीं. त्याला नागार्जुन ठाऊक होता, एवढें पुरे. जपानांतील बौद्ध त्याला आठ पंथांचा आद्य आचार्य मानतात. दक्षिण भारतांत एक लोखंडी स्तूप होता, तो त्यानें उघडला आणि गुह्य सूत्रें मिळविलीं, अशी तेथील शिंगोन पंथाची श्रद्धा आहे.

आणि हा निव्वळ पुस्तकी इतिहास नव्हे, याचा पुरावा आपल्या नागपुरांत आहे. ओकायामा प्रांतांत १९३५ सालीं जन्मलेले भिक्षू सुरेई ससाई हे १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत भारतांत आले. राजगीर येथें असतांना रात्रीं नागार्जुनानें दर्शन देऊन, 'नागांच्या नगरास जा, लोखंडी स्तूपहि तेथेंच आहे' अशा अर्थाची आज्ञा केली, असें ते सांगतात. त्यांनीं तें नगर म्हणजे नागपूर असें जाणलें, तेथेंच राहिले, आर्य नागार्जुन हें नांव धारण केलें आणि पुढें भारताचे नागरिक झाले. त्यांच्याच पुढाकारानें रामटेकजवळ मनसर येथें उत्खनन झालें. निघाले ते मुख्यतः वाकाटककाळचे अवशेष. डॉ. आंबेडकरांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास आणि लगेच १६ ऑक्टोबरला चंद्रपुरास बौद्ध धर्माची दीक्षा दिली होती. त्या नवबौद्ध समाजांत ससाई मिसळून गेले. पडद्यावरचा ताकेशि योग्याच्या शोधांत भारतांत आला त्याच्या कांहीं वर्षें आधींच, एक खराखुरा जपानी मनुष्य तशाच शोधांत विदर्भांत येऊन राहिला होता!

वीर आणि गुरु झाले, राक्षस राहिले. मला विचाराल तर मालिकेचा खरा कस तेथें लागतो. इंद्रधनुष्य-वीराचे शत्रु 'शिने शिने दान' म्हणजे 'मरा मरा टोळी' या नांवाचे आहेत. त्यांचा नायक मिस्टर के. त्यांच्यांत वेष पालटणारी इगुआना नांवाची मायाविनी आहे, पुढें तिची चेटकीण आईहि येते. मनुष्यास वेड लावणारें औषध पसरविणें, खोट्या नोटांचा पूर आणून भाव भडकविणें, असे त्यांचे कट असतात. खोट्या नोटांच्या भागांत दुकानांपुढें लोकांची झुंबड उडते. मालिका संपल्यावर थोड्याच आठवड्यांनीं, १९७३ च्या नोव्हेंबरांत, तेलाच्या टंचाईच्या भीतीनें ओसाकाजवळच्या गृहिणींनीं दुकानांवर खरोखरच अशी झुंबड केली, तीहि कागदाच्या गुंडाळ्यांसाठीं.

पण टोळीचा हेतु काय? जपानचा नायनाट. आणि कारण? युद्धकाळांत जपानी सैन्यानें आशियांत केलेले अत्याचार. येथें मी थबकलों. राक्षसाच्या तोंडचा आरोप खरा आहे! आपणां भारतीयांना तर त्यासाठीं दूर जावयास नको. अंदमान बेटें मार्च १९४२ पासून १९४५ पर्यंत जपानी सैन्याच्या ताब्यांत होतीं. तेथें हेरगिरीच्या निव्वळ संशयावरून लोकांचा अनन्वित छळ झाला, आणि ३० जानेवारी १९४४ रोजीं हम्फ्रेगंज येथें ४४ जणांना गोळ्या घालून ठार केलें. चीनमध्यें काय झालें तें जगाला माहीत आहे. मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला त्याच्या बरोबर सात दिवस आधीं, २९ सप्टेंबर १९७२ रोजीं, जपान आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनांत जपाननें युद्धांतील हानीबद्दल आपली जबाबदारी मान्य केली होती. अशा वेळीं मुलांच्या कथेंत हा आरोप उच्चारावयास धैर्य लागतें, आणि तें कावाउचीनें दाखविलें. मात्र आरोप उच्चारल्यावर कथा त्याची चौकशी करीत नाहीं. ती कट उधळण्याच्या मागें लागते. टोळीचा सूड निरपराध लोकांवर कोसळतो, म्हणून वीरानें तिला अडविणें योग्यच. पण ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांचें पुढें काय, हा प्रश्न पडद्यावर तसाच राहतो.

आमच्या भागांतील माणसाला हें चटकन जाणवावें. सगळा महाराष्ट्र दसऱ्याला रावण जाळतो, तेव्हां गडचिरोलीच्या गोंड समाजांतील पुष्कळ लोक रावणाची पूजा करतात. तो आपला पूर्वज राजा, असें ते मानतात. एकाच जिल्ह्यांत, एकाच तिथीस, एका गांवीं दहन आणि दुसऱ्या गांवीं पूजन. शाळेंत दोन्ही घरचीं मुलें एका बाकावर बसतात. रामायणाचा धडा शिकवितांना मास्तरांना शब्द जपून वापरावे लागतात, आणि माझ्या मतें तें चांगलेंच आहे.

कावाउचीनें पुढच्या मालिकेंत राक्षसांची जात पालटली. ५ ऑक्टोबर १९७३ पासून मार्च १९७४ अखेरपर्यंत चाललेल्या 'डायमंड आय' या २६ भागांच्या मालिकेंतील शत्रु हे पूर्वजन्मींचे राक्षस आहेत. ते सभ्य गृहस्थांच्या रूपानें समाजांत वावरतात. एका वार्ताहराजवळ निळ्या हिऱ्याची अंगठी असते. तिच्यांतून प्रगट होणारा वीर आपल्या डोळ्यांतील किरण टाकतो आणि ढोंग्याचें खरें रूप उघडें पडतें. त्या वेळीं वीर ज्या शब्दानें त्यांना हिणवितो तो 'गेदो' म्हणजे मूळ बौद्ध परिभाषेंत 'तीर्थिक', परमार्गी. हिऱ्याला आणि इंद्राच्या आयुधाला आपण एकच शब्द लावतों, वज्र. जपानी लोकहि 'कोंगो' या एकाच शब्दानें दोन्ही दाखवितात. वैरागडचें नांवहि जाणते लोक वज्रावरूनच लावतात, कारण तेथें हिऱ्याची खाण होती; ऐने-अकबरींत तिचा उल्लेख आहे. खाण केव्हांच संपली, जुन्या किल्ल्याचे तट तेवढे उरले आहेत.

मुलांना ही दुसरी मालिका अधिक सोपी गेली असेल. किरण टाकला कीं राक्षस कोण तें कळतें, त्याची तक्रार ऐकण्याचें कारण उरत नाहीं. मला पहिलीच अधिक मोलाची वाटते. कावाउचीनें १९७५ सालीं 'कोंडोरमान' ही तिसरी मालिका लिहिली, तिच्यांतील राक्षस मनुष्याच्या लोभांतून उपजलेले आहेत; त्यांपैकीं एकाचें नांवच 'पैशानें वेडा झालेला' अशा अर्थाचें आहे. तो गीतकार म्हणूनहि गाजला आणि ६ एप्रिल २००८ रोजीं वारला.